आधी पत्ता

“लवकर या हो, धूर आहे, सगळा धूर, माझी आई आत आहे, मी तिला शंभरदा सांगितलं होतं दार ओढून घेऊ नकोस, कडी अडकते, पण ती ऐकेल तर ना, आता हाका मारतोय तर आतून नुसता खोकल्याचा आवाज…”

तिने हेडफोन कानांवर घट्ट बसवला. पाठ ताठ, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, उजव्या हातात पेन्सिल. ‘कडी अडकते’ हे तिने लिहून घेतलं. ‘आई आत’ हेही लिहिलं. पलीकडचा माणूस बोलतच होता. जिना, शेजारी, गेल्या वर्षी बदललेलं दार. ती थांबली. त्याचं संपलं की आपण बोलायचं.

त्याचं संपलं नाही.

“बास,” सर म्हणाले आणि त्यांनी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. “बावन्न सेकंद झाली. तुम्ही त्याला काय विचारलंत?”

“काही नाही, सर.”

“पत्ता?”

“नाही, सर.”

“मग गाडी कुठे पाठवू? कडीवर?”

मागच्या बाकांवर हसू फुटलं. वर्गातली बहुतेक मुलं बावीस-तेवीस वर्षांची होती. ती एकटी एक्केचाळीसची. शेजारच्या खोलीतून रडूबुवा बाहेर आला. हा अग्निशमन दलातला जुना माणूस. परीक्षार्थींना खोटे फोन करायचे आणि हुकमी रडायचं, एवढंच आता त्याचं काम होतं. डोळे पुसत तो डबा खायला निघून गेला.

“तुम्ही थांबला होता कशाला?” सरांनी विचारलं. त्यांची स्वतःची तीस वर्षं आपत्कालीन फोन घेण्यात गेली होती आणि डाव्या कानाने त्यांना आता कमी ऐकू येई.

“त्यांचं बोलणं संपायची वाट बघत होते, सर. वायरलेसवर एका वेळी एकच जण बोलतो. बटण दाबून. दुसऱ्याने मध्ये दाबलं तर दोघांचंही जातं.”

“किती वर्षं केलंत हे?”

“अठरा.”

सरांनी मान हलवली. “टेलिफोनला ते बटण नसतं. तिकडे घाबरलेला माणूस असतो, आणि घाबरलेला माणूस आपणहून थांबत नाही. आधी पत्ता, मग बाकी सगळं. वीस सेकंदांच्या आत. तीनपैकी एक संधी गेली तुमची.”

शहराच्या आपत्कालीन कक्षात चार जागा भरायच्या होत्या. त्यासाठी बारा क्रेडिटचं प्रमाणपत्र लागत होतं. माजी सैनिकांच्या नव्या योजनेत नोकरीतला अनुभव क्रेडिटमध्ये धरत होते. तिचे कागद तपासून कॉलेजने सात क्रेडिट तिथल्या तिथे दिली होती: नकाशावाचन, प्रथमोपचार, पाळीतलं काम, आणि दोन ‘संदेशवहन कार्यपद्धती’ची. उरलेली पाच नाममात्र फी भरून शिकायची होती. निवडीच्या वेळी माजी सैनिकांना दहा गुण वाढवून मिळत, पण ते पास झालेल्यालाच. वयाची अट सेवेमुळे सैल झाली होती, तीही याच भरतीपुरती. पुढच्या वेळी ती त्या अटीतही बसणार नव्हती. तेव्हा प्रश्न सरळ होता. उरलेल्या दोन संधींत तिला एका अनोळखी माणसाचं बोलणं तोडता यायला हवं होतं. आणि जो विषय न शिकता पदरात पडला होता, तोच नेमका आड येत होता.

“बिनतारी ताई, वाईट वाटून घेऊ नका,” जिन्यात शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली. ती आधी एका कुरियर कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची, म्हणून वर्ग तिला कुरियर म्हणे. तिला पहिल्याच संधीत नऊ सेकंदांत पत्ता मिळाला होता. “मी तर विचारच करत नाही. घुसते सरळ.”

“कशी घुसतेस?”

“कशी म्हणजे? तोंड उघडायचं.”

हे काही शिकवणं नव्हतं. पण त्या मुलीने तिला संगणकावरचा नकाशा चारच दुपारींत शिकवला होता, त्यामुळे तिने नुसती मान डोलावली.

घरी तिने सगळं सांगितलं. नवरा चष्म्याच्या काचा घासत होता. त्याचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या घराला तीन गोष्टींचा पुरवठा होता: पाणी, वीज आणि सासूबाईंचं बोलणं. पहिल्या दोहोंत खंड पडायचा.

“म्हणजे लोकांना मध्येच कसं तोडायचं ते शिकवतात,” सासूबाई म्हणाल्या, “आणि त्याला वर सरकार सवलत देतं?”

“आई, तसं नाही…”

“तसंच आहे. मी म्हणतेय त्यात चूक काय? आणि तू एवढी वर्षं सुट्टीवर यायचीस, मी बोलत असले की नुसती उभी राहून ऐकायचीस. मी चारचौघांत सांगायचे, आमच्या सुनेने कधी माझा शब्द मध्ये तोडला नाही, संस्कार लागतात त्याला. आता कळतंय. संस्कार कसले, वायरलेस.”

नवरा काचेकडे बघत हसला. तीही हसली आणि परत हिरमुसली.

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. “माझा फोन कुठाय? मी आत जाऊन फोन करते तुला. तू मला तोड.”

“मला नाही जमणार, आई.”

“सासूला तोडायला जमलं की जगात कोणालाही जमेल. अरे, तू घड्याळ लाव.”

सासूबाईंचा पहिला फोन शेजारीण न्हाणीघरात पडल्याचा होता. शेजारीण पडली, फरशी ओली होती, ओली असणारच, कारण गळका नळ तिने दुरुस्त करून घेतला नव्हता, कारण तिच्या जावयाने सांगितलं होतं मी करतो, आणि तो जावई म्हणजे… तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आतून जावयाची सगळी कुंडली आली.

“तीन मिनिटं दहा सेकंद,” नवरा म्हणाला. “शेजारीण गेली.”

रोज दुपारी दोन फोन ठरले. सासूबाई बहरात आल्या. एकदा त्यांनी आख्खी इमारत पाडली. एकदा जिन्यात साप आणला आणि आपणच घाबरून खुर्चीवर पाय घेऊन बसल्या. सकाळी भाजी निवडता निवडता त्या दुपारच्या संकटाची जुळणी करत आणि सुनेने कुठला डबा उघडताना विचारलं, “काय चाललंय, आई?” तर म्हणत, “तुला आत्ताच कसं सांगू? परीक्षेचं आहे.”

आठव्या दिवशी ती मध्ये बोलली. त्या दुपारच्या फोनमधल्या गोष्टीत स्फोट झाला होता आणि सासूबाई तरीही कोणाच्या तरी साडीविषयी सांगत होत्या. तिचा कवायतीच्या मैदानावरचा आवाज बाहेर पडला.

“थांबा! पत्ता सांगा!”

नवऱ्याच्या हातातली काच खाली पडली. मग सासूबाई धावत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. “असं. अगदी असं. मी दचकलेच बघ.”

तोच आवाज घेऊन ती दुसऱ्या परीक्षेला गेली. रडूबुवा या वेळी अपघात झालेला ट्रकचालक होता. चौथ्याच सेकंदाला तिने त्याला तोडलं. “थांबा! पत्ता सांगा!”

रडूबुवा थांबला. पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा. कानात फक्त त्याचं धापा टाकणं येत होतं. तिने पुन्हा विचारलं. उत्तर नाही. वीस झाले.

“तुम्ही त्याला दटावलंत,” सर म्हणाले. “तो गप्प झाला. आता तो पत्ताही सांगत नाही. तुम्ही खोलीत घुसलात ते दार मोडून.”

“पुढची संधी कधी, सर?”

“बारा दिवसांनी. शेवटची.”

त्या संध्याकाळी तिने घरी झालेलं सांगितलं आणि भिंतीला टेकून बसली. सासूबाईंना मात्र राहवेना. चूक आपली, असं त्यांना वाटत होतं. “मीच म्हटलं ना, असंच हवं म्हणून. मला काय ठाऊक तो बावळट गप्प बसेल. मला कोणी ओरडलं तर मी जास्तच बोलते. तुझ्या सासऱ्यांना विचारायला हवं होतं, ते असते तर सांगितलं असतं त्यांनी, एकदा काय झालं, आम्ही दोघं बाजारातून येत होतो…”

ती डोळे मिटून ऐकत होती. अठरा वर्षं तिने अशीच डोळे मिटून खरखर ऐकली होती. डोंगराआडच्या चौकीचा आवाज त्या खरखरीतून वेचून काढायचा, तर शब्दांकडे लक्ष देऊन भागत नसे. शब्दांच्या मधलं ऐकावं लागे. आणि एकदम तिला ऐकू आलं.

सासूबाई श्वास घेत होत्या.

अर्थात घेत होत्या. चौऱ्याहत्तर वर्षं घेत आल्या होत्या. पण तो बोलण्यातच कुठेतरी लपलेला असे, वाक्याच्या शेवटी नाहीच, भलत्याच ठिकाणी, ‘आणि’च्या नंतर किंवा एखाद्याच्या नावाच्या आधी. एक छोटीशी ओढ. अर्धा सेकंद.

ती उठली, कागद घेतला, घड्याळ समोर ठेवलं. “आई, थांबू नका. बोलत राहा.”

“कशाबद्दल?”

“कशाबद्दलही.”

अशी मुभा त्या घरात यापूर्वी कोणी दिली नव्हती. सासूबाई बोलू लागल्या आणि ती प्रत्येक श्वासाला कागदावर रेघ मारू लागली. साधारण नऊ सेकंदांनी एक रेघ. बाजारभावाचा विषय असला की सात. धाकट्या जावेचा विषय निघाला तेव्हा तब्बल चौदा. मग तिने सासूबाईंना घाबरल्यासारखं, रडल्यासारखं बोलायला सांगितलं, आणि कागदावर रेघांची दाटी झाली. तीन सेकंद, दोन, तीन. घाबरलेल्या माणसाला हवा पुरत नाही. म्हणजे तो सतत बोलत असतो हे खरं नव्हतंच. तो दर तीन सेकंदांनी बटण सोडत होता.

तिने कागद नवऱ्यापुढे धरला. “हे बघा. इथे जागा आहे. इथे, इथे, इथे. सगळीकडे जागा आहे.”

“एवढ्याशा जागेत काय बोलणार?”

“पूर्ण नाही बोलायचं. सुरुवात करायची. हळू आवाजात. नाही जमलं तर पुढच्या श्वासाला तेच शब्द, तोच सूर.”

दुसऱ्या दिवशी सासूबाई आत गेल्या. दुपारच्या फोनमध्ये गॅस गळत होता. त्यांना वास आला होता, पण आधी वाटलं खालच्या मजल्यावरचा आहे, कारण खालच्या मजल्यावरची ती बाई…

“मी गाडी पाठवते, पत्ता सांगा,” ती हलकेच म्हणाली. बोलणं चालू राहिलं. पुढचा श्वास. “मी गाडी पाठवते, पत्ता सांगा.”

“…ती काय गॅस बंद करेल, तिला स्वतःचं दार बंद करायची आठवण नसते, अठरा नंबर, दुसरा मजला, दवाखान्याच्या मागे, आणि तिची बहीण तर तिच्याहून…”

सासूबाई थांबल्या. आतून आवाज आला, “मी सांगितला?”

“हो, आई.”

“मी कधी सांगितला?”

“सोळा सेकंद,” नवरा म्हणाला, आणि घड्याळ टेबलावर ठेवण्याऐवजी त्याने ते तिच्या हातातच दिलं.

त्या दिवशी सासूबाईंनी आपणहून आणखी पाच फोन केले. प्रत्येक वेळी पत्ता सांगायचा नाही असं ठरवून जात आणि प्रत्येक वेळी सांगून बसत. शेवटी दारात येऊन म्हणाल्या, “हे तू माझ्यावर रोज वापरायचं नाहीस. सांगून ठेवते.”

तिसऱ्या परीक्षेला रडूबुवा नव्हता. शेवटच्या संधीला ओळखीचा आवाज देत नाहीत, हे सरांनी तेव्हा सांगितलं. ती बसली. पाय जमिनीला टेकवले. पेन्सिल मुद्दाम बाजूला ठेवली.

फोन वाजला. बाईचा आवाज होता, आणि पहिला शब्द कळायच्या आतच ती किंचाळत होती. मुलगी पाण्याच्या टाकीत पडली होती. झाकण कोणी उघडं टाकलं, हिला किती वेळा सांगितलं, हात पुरत नाही, दिसतेय ती, दिसतेय…

हे खोटं आहे, हे तिला माहीत होतं. तरी तिचा हात पेन्सिलीकडे गेला; तो तिने मागे घेतला. तिने शब्द सोडून दिले. खाली, शब्दांच्या खाली. तिथे होता. ओढलेला, ओला श्वास.

“मी गाडी पाठवते, पत्ता सांगा.”

किंकाळी.

“मी गाडी पाठवते, पत्ता सांगा.”

“हात पुरत नाही हो माझा…”

“मी गाडी पाठवते, पत्ता सांगा.”

“शाळेमागची गल्ली, पिवळी इमारत, गच्चीवर, गच्चीवर आहोत आम्ही…”

तिची बोटं नकाशावर आधीच पोहोचली होती. “गाडी निघाली. आता माझं ऐका. जवळ दोरी, चादर, ओढणी, काय आहे?” पुढची दोन मिनिटं तिला नंतर नीट आठवली नाहीत. एवढंच आठवलं, की ती बाई श्वासागणिक शांत होत गेली आणि शेवटी, “हो, धरली, धरली तिने,” असं म्हणाली.

सरांनी घड्याळ ठेवलं. “तेरा.”

ती उभी राहिली. काय करावं ते न कळल्यामुळे तिने टाचा जुळवल्या.

“बसा, बसा. हे कुठे शिकलात? मी तर शिकवलं नाही.”

“घरी, सर.”

“घरी कोण असतं?”

“सासूबाई.”

सरांनी उजवा कान पुढे करून पुन्हा ऐकून घेतलं. मग गुणपत्रिकेवर सही करत म्हणाले, “रडूबुवा पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. विचारून बघा त्यांना.”

यादी सोमवारी लागली. ती पोहोचली तेव्हा फलकापुढची गर्दी ओसरली होती आणि कुरियर एकटी उभी होती. कागदावर नावं नव्हती, बैठक क्रमांक होते. क्रमांकापुढे गुण, त्यापुढे वाढीव गुण, मग बेरीज. तिने वरून खाली बोट नेलं. चौथा क्रमांक तिचा होता. एकाहत्तर, अधिक दहा, एक्क्याऐंशी. त्याखाली एक जाड रेघ होती आणि रेघेखाली ‘प्रतीक्षा यादी’.

ती जोरात हसली असती. पण शेजारची मुलगी हसत नव्हती.

“रेघेखालची पहिली मी,” कुरियर म्हणाली. “अठ्ठ्याहत्तर.”

ती पुन्हा फलकाकडे वळली. आकडे तेच होते.

“ते दहा नसते तर?” मुलीने विचारलं.

“तर चौथी तू.”

कुरियर पाणी प्यायला गेली. नळ बराच वेळ चालू राहिल्याचा आवाज येत होता. ती फलकापाशीच उभी राहिली. निघून जाणं तिला बरं वाटेना.

मुलगी तोंड पुसत परत आली. “खोटं नाही बोलणार, ताई. मला राग आला.”

“येऊ दे.”

“तुमचा नाही.”

“माझा आला तरी चालेल.”

“तुम्ही अठरा वर्षं होता ना तिकडे. त्यात घरी किती राहिलात?”

“क्रेडिटच्या फॉर्मसाठी रजा मोजाव्या लागल्या होत्या. सगळ्या मिळून तीन वर्षं भरली. थोडी कमीच.”

कुरियरने फलकाकडे पाहत मनातल्या मनात वजाबाकी केली. तिचे ओठ हलले.

“माझी आई मला एक दिवस सोडत नाही,” ती म्हणाली. मग यादीवर बोट ठेवून, “प्रतीक्षा यादी वर्षभर चालते. चारातला एक तरी सोडून जातो, सर म्हणतात.”

“मी नाही सोडणार.”

“ते माहीत आहे. म्हणून मी वरच्या तिघांवर डोळा ठेवलाय.”

आता मात्र दोघी हसल्या. तिने पिशवीतून फोन काढला. घरी सगळे वाट बघत असणार. पण पडद्यावर चौकट काही केल्या स्थिर राहीना.

“मला फोटो काढून देतेस? माझा हात हलतोय.”

“द्या.”

कुरियरने फोन दोन्ही हातांनी धरला. पहिले चार क्रमांक तिने चौकटीत नीट बसवले, चौथ्याच्या पुढची बेरीजही आली. मग तिने फोन थोडासा खाली आणला. जाड रेघ आली. रेघेखालची पहिली ओळ आली.

“माझाही येऊ दे,” ती म्हणाली आणि बटण दाबलं.

फोन परत घेऊन तिने फोटो पाहिला. पाचही ओळी स्वच्छ वाचता येत होत्या. खालचा भाग कापायचा पर्याय पडद्यावर दिसत होता. तिने फोटो आहे तसाच घरी पाठवला.